गोळ्या चालू हायत

समाधानला जाग यायची ती धडधडीनंच. डोळे उघडायच्या आधीच छातीत कुणीतरी हलगी बडवायला लागलेलं असायचं. मग बोटांना मुंग्या, घशाला कोरड, आवळून दुखणारा जबडा. बाहेर उजाडलेलं असायचं, शेजारच्या गोठ्यात धारा काढायची गडबड चाललेली असायची, आणि हा धडधाकट गडी अंथरुणात पडल्या पडल्या आपण आता मरणार म्हणून वाट बघायचा.

निरवांगीत त्याला भित्रा म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. गावाबाहेरच्या गूळ पावडरीच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. ऐन हंगामात त्या धगीपुढं उभं राहायचं काम येरागबाळ्याचं नव्हतं. त्यामुळं हे दुखणं त्यानं आधी दाबूनच ठेवलं. पण एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडला, तेव्हा बायकोनं, मेघनानं, त्याचं काही ऐकलं नाही. बारामतीला नेऊन छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं, पोटाचे फोटो झाले. सगळं नॉर्मल. त्याला उलट जास्तच भ्या वाटलं. सापडत नाही म्हणजे आजार मोठाच असणार!

शेवटी त्यांना मनोविकारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. बाईंनी विचारलं, हे कधीपासून? समाधान आठवत बसला. उत्तर मेघनानं दिलं.

"सोपानभावजी भाजले तवापासनं."

मग सगळंच बाहेर आलं. सोपान त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, त्याच पाळीत कामाला. वाफेच्या पाइपाचा एक सांधा गळत होता. समाधाननं मॅनेजर विजयसिंहांना दोनदा सांगितलं होतं. हंगाम संपू दे, मग बघू, म्हणाले. हंगाम संपायच्या आधी सांधाच फुटला. खालून चाललेल्या सोपानचा हात आणि मान भाजून निघाली. दुसऱ्या दिवशी विजयसिंहांनी कामगारांना गोळा केलं आणि बजावलं, की सोपाननं न विचारता व्हॉल्व्ह फिरवला, चौकशीला सरकारी साहेब आले की सगळ्यांनी हेच सांगायचं. समाधान तेव्हा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. सगळ्यांनी त्याचं हो धरलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं हृदय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "धोका दिसला की अंग तयारीला लागतं. पळायच्या, नाहीतर भिडायच्या. तुमचं अंग रोज सकाळी तयार होतं आणि तुम्ही पडून राहता."

त्यांनी गोळ्या दिल्या. जाग आली की लोळायचं नाही, पाय जमिनीला टेकवून बसायचं, श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त लावायचा, असं शिकवलं. समाधानला हे पोरखेळ वाटले. पण मेघना त्याला रोज दंडाला धरून उठवून बसवायची. धडधड थांबली नाही, पण लवकर ओसरायला लागली. तोंड धुऊन माणसांत यायला त्याला आता जीव गोळा करावा लागत नव्हता.

चौकशीच्या दिवशी मात्र सकाळीच सगळं उसळून आलं. उलटी झाली, हातपाय गार पडले. मेघनाचा धीर सुटला. आजारी आहेत म्हणून फोन करते, म्हणाली.

समाधाननं भिंतीला धरून चूळ भरली. "आजारी हायच की," तो म्हणाला. "आजारी माणसाला बोलता येत न्हाय व्हय?"

कारखान्याच्या ऑफिसात चौकशीचे साहेब बसले होते, बाजूला विजयसिंह. एकेक कामगार पुढं जाऊन आपण काही बघितलं नाही, असं सांगून मागं येत होता. सगळ्यांत जुने दत्तोबाही तेच सांगून खाली मान घालून बसले. समाधानची पाळी आली तेव्हा त्याचे हात उघड थरथरत होते. त्यानं ते आधी टेबलाखाली धरले. मग वर काढून टेबलावरच ठेवले आणि सांध्याची सगळी हकिकत सांगितली.

विजयसिंह चिडले नाहीत. साहेबांकडं झुकून मवाळपणे म्हणाले, "साहेब, याचं मनावर घेऊ नका. बारामतीला डोक्याच्या डॉक्टरकडं जातो हा. गोळ्या चालू आहेत."

मागं कुणीतरी हसू दाबलं. गावात असा शब्द एकदा चिकटला की पोराबाळांपर्यंत जातो, हे समाधानला ठाऊक होतं. त्याच्या कानशिलांत रक्त उसळलं. त्यानं श्वास सावकाश सोडला.

"व्हय, गोळ्या चालू हायत," तो म्हणाला. "सकाळी धडधडतं. आज तर उलटी करून आलोय. हात कापत्यात, ते तुमी बघताय. पण सांधा गळतोय म्हणून ह्यांना सांगितलं, तवा गोळी काय असती मला ठावं नव्हतं. गोळ्या सोपान भाजल्यावर चालू झाल्या. आता लिवा."

साहेबांनी लिहायला घेतलं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दत्तोबा उठून उभे होते.

"माझं मघाचं खोडा साहेब. ह्यानं सांगितलं तवा मी तितंच हुतो."

त्यांच्यामागं आणखी दोघं उठले.

चौकशीत सोपानवरचा ठपका पुसला गेला आणि दुरुस्ती होईपर्यंत बॉयलरला सील लागलं. पुढच्या हंगामाला समाधानला बोलावणं आलं नाही. त्यानंही विचारलं नाही. शेळगावच्या बाजूला एका कारखान्यात गेला, तिथं पहिल्याच दिवशी आपल्या गोळ्यांचं सांगून टाकलं, आणि काम बघून त्यांनी ठेवून घेतलं.

गावात काही दिवस 'गोळीवाला' म्हणून हाक यायची. तो सरळ ओ द्यायचा, तेव्हा हाक मारणाऱ्यांचीच मजा गेली. मग एका सकाळी तालमीतला पैलवान ज्ञानेश दारात आला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, की कुस्तीच्या आदल्या दिवसापासून त्याला श्वास पुरत नाही, आणि त्या बाईंचा पत्ता पाहिजे होता, पण कुणाला कळायला नको.

"कळलं तर काय हुतंय?" समाधाननं विचारलं.

ज्ञानेशनं मागं वळून गल्लीत कुणी आहे का बघितलं.

"चल," समाधान चपला घालत म्हणाला. "एसटी यायची येळ झालीया."