केळीच्या ट्रकवरचा स्टोव्ह

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. पंपाचा, तीन पायांचा आणि पेटलो की अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजाचा. माझी टाकी काळवंडली आहे, एक पाय थोडा वाकला आहे, पण मित्रांनो, एवढ्यावरून नाक मुरडू नका. तुमच्यापैकी किती जण चोपड्याहून दिल्लीला ट्रकने गेला आहात? मी गेलो आहे, आणि वाटेत सगळ्यांना जेवायला घालत गेलो आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोकी आणि झाळकाम झालं, मग दुकानाच्या फळीवर बसलो. खातूनबीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला घेतलं आणि मी तिच्याबरोबर चोपड्याला नूर महंमदच्या घरी आलो. नूर महंमद स्वतःचा केळीचा ट्रक चालवायचा. त्या घरात मी पाहुण्यांचे चहा केले, ईदचा शीरखुर्मा केला, तान्ह्या लेकरांचं दूध तापवलं. खातूनबी मला चिंचेने घासायची तेव्हा मी असा चमकायचो की शेजारणी माझ्यात तोंड बघायच्या. मग एक दिवस घरात गॅसची शेगडी आली. पहिल्या दिवशी तिच्यापुढे सगळं घर जमलं आणि मी कांद्याच्या पोत्याशेजारी खाटेखाली गेलो. कोळ्याने माझ्या बर्नरवर जाळं विणलं. खरं सांगतो, मला फार राग आला होता.

खाटेखालून मला सगळं ऐकू यायचं. नूर महंमदच्या पोटाचं दुखणं वाढलं होतं. धाब्यावरच्या तेलकट, जळजळीत जेवणाने प्रत्येक खेपेला तो आडवा व्हायचा. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद करायला सांगितलं. दिल्लीची वाट धरणाऱ्याने बाहेरचं खायचं नाही, तर मग खायचं काय? शेवटी ट्रक विकायचा असं त्याने ठरवलं, आणि ठरवल्यापासून तो कुणाशी धड बोलेना. त्याचा ट्रकवरचा जोडीदार झुलाल घरी आला, तेव्हा त्याच्यासमोरच खातूनबी म्हणाली,

"एक खेप मना हातनं खाई पहा. पोट दुखनं ते ट्रक इकी टाका, मी आडवी येनार नही."

आणि ती खाटेखाली वाकली. मित्रांनो, तो हात माझ्या गळ्याला लागला तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! तिने नवा वायसर बसवला, पिन मारली, पंप केला आणि मी असा गरजलो की झुलाल दोन पावलं मागे सरला.

मग तिने बेत आखायला घेतला. जे लवकर खराब होईल ते आधी खायचं, आणि रस्त्यावर कुणी चिरत-वाटत बसायचं नाही, हा तिचा हिशोब. एकेका जेवणाचं एकेक गाठोडं केलं. पहिल्याला एक गाठ, त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्याला दोन गाठी, त्यात कणकेचे गोळे भाजून केलेली बट्टी आणि वरणाची भाजलेली डाळ. तिसऱ्याला तीन गाठी, त्यात भाजीची जाड शेव आणि घरीच परतून कोरडं केलेलं वाटण. पाणी उकळा, वाटण सोडा, उतरवताना शेव घाला, झाली शेवभाजी. त्या वाटणात मिरची नावापुरती होती. वेळप्रसंगी म्हणून खिचडीचं एक गाठोडं वेगळं दिलं. झुलालला अक्षरओळख नव्हती, पण गाठी त्याला बरोबर कळायच्या.

काय सांगू त्या वाटेची मजा! सेंधव्याच्या घाटात मी पोत्यात उड्या मारत होतो. इंदूरच्या अलीकडे झाडाखाली पहिलं जेवण झालं. दुसऱ्या जेवणाला माझ्यावर वरण उकळलं आणि नूर महंमदने पोटावर हात न ठेवता ढेकर दिला. झुलाल तर गाणंच म्हणायला लागला. मीही जरा जास्तच फुरफुरलो.

गुना शहर मागे पडल्यावर जंगलाच्या कडेला यावलचा एक ट्रक चाक बसून उभा दिसला. आपल्याकडची माणसं म्हटल्यावर थांबणं आलंच. नूर महंमद त्यांच्या चाकाला हात लावायला गेला. झुलालने मला पेटवलं, तीन गाठी सोडल्या, सगळ्यांना पुरावं म्हणून खिचडीचं गाठोडंही सोडलं. भाजीचा रंग बघून मात्र त्याचं तोंड उतरलं. खान्देशातल्या माणसाने पाहुण्यांपुढे बिनतर्रीची भाजी ठेवायची? त्याच्या मनाला ते पटेना. सीटखाली त्याच्या बायकोने, तानुबाईने, दिलेली लाल तिखटाची पुडी होती. ती अख्खी त्याने भाजीत उलटी केली, खिचडीवरही तिखटाची फोडणी ओतली. मी खालून किती भडकलो, पण स्टोव्हचं कोण ऐकतं?

पाहुणे नाक पुसत, वाहवा करत जेवून गेले. नूर महंमद हात धुऊन आला आणि त्याला पातेल्यात लालभडक तर्री दिसली.

"पाहुनासले फिक्कं कसं वाढू, नूरभाऊ?" झुलाल म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला आपण काय केलं ते उमगलं. गाठोडी रिकामी होती. नूर महंमद कालपासून गाडीतलंच खात आला होता आणि आता त्याला कडकडून भूक लागली होती. पुढे धाबा होता, पण तिथलं एक जेवण म्हणजे पोट गेलं आणि पोटाबरोबर ट्रकही गेला. तो ट्रकच्या पायरीवर बसला. खातूनबीचा बेत एका पुडीने बुडाला होता, आणि मला रडू येत होतं.

बसल्या बसल्या त्याची नजर केबिनला टांगलेल्या केळीच्या फणीकडे गेली. माल भरला की शेतकरी एक फणी प्रेमाने बांधतोच. दिल्लीपर्यंत ती हिरवीच राहते आणि तिथले हमाल नेतात. कच्चं केळं हे जेवण, असं केळी वाहणाऱ्याच्या डोक्यात कधी येत नाही. नूर महंमदने तिच्यातली केळी तोडली, सालासकट माझ्यावर उकडली, सोलून कुस्करली, मीठ आणि जिरं घातलं. पहिला घास खाल्ला आणि हसायलाच लागला.

"इतला वरीस केळी वाहिन्यात, अन् भूक लागनी का आपन धाबा धुंडतस."

दिल्ली आली, तिथे डाळ-तांदूळ घेतले, माझ्यावरच्या फिक्या खिचडीवर परतीची वाट सरली, पोट दुखलं नाही. घरी पोचल्यावर त्याने सगळं सांगितलं, पुडीसुद्धा. खातूनबी हसली नाही की रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "पुढली खेपले मी येसू सोबत."

आणि ती आली! केबिनमध्ये मध्यभागी बसून तिने आयुष्यात पहिल्यांदा नर्मदा पाहिली. नदी संपेपर्यंत तिने डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. जंगलाच्या कडेला गाडी थांबली, तेव्हा ती सवयीने गाठोड्याकडे वळली. नूर महंमदने तिला बसवलं. त्याने मला पंप केला, झुलालने पीठ मळलं, आणि पहिलं ताट तिच्यापुढे आलं. सगळ्यांचं उरकल्यावर जेवणारी बाई ती. तिला हात कुठे घालावा ते कळेना.

"अन् तुम्हीन?" तिने विचारलं.

"पहिले तू," नूर महंमद म्हणाला.

मित्रांनो, माझी काळजी घेणं सोपं आहे. पिन मारा, वायसरला तेलाचा थेंब द्या, मला गंज चढू देऊ नका. पण तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांच्या जेवणाचा विचार करत असेल. एक दिवस पहिलं ताट त्या माणसापुढे ठेवा, आणि ते गरम आहे तोवर त्याला काही काम सांगू नका.