जजसाहेबांची तिसरी निवडणूक

"मरियम, बिर्याणीत बटाटा नको घालूस. मागच्या वेळी लोक बोलले, वकील मटण वाचवतो."

आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझा नवरा, आरशासमोर काळा कोट चढवत होते. शारजात, जून महिन्यात, काळा कोट! हसावं की रडावं?

"दोनदा लोक तुमची बिर्याणी खाऊन मत दुसऱ्याला देऊन गेले," मी म्हटलं. "बटाट्याने नाही पडलात तुम्ही."

निवडणूक कसली, तर आमच्या गावच्या जमातीची. रायगडातल्या आमच्या गावचे इथले सगळे लोक शुक्रवारी नमाजनंतर दुबईच्या देरा भागातल्या एका हॉलमध्ये जमत. आपसातली भांडणं तिथेच मिटायची. निवाडा देणाऱ्या प्रमुखाला सगळे 'जज' म्हणत, आणि त्याची निवड व्हायची पुरुषांनी हात वर करून.

साहेबांना त्या खुर्चीचं वेड होतं. इथल्या कोर्टात भारतीय वकिलाला उभं राहता येत नाही. अरबी वकिलाच्या मागे फाइल धरून चालायचं, दाराशी फाइल त्याच्या हातात द्यायची आणि बाहेर बाकावर बसायचं, हीच त्यांची वकिली. घरी मात्र रुबाब असा, की मी चहा द्यायलासुद्धा तारीख घ्यावी.

तिसऱ्यांदा ते जिंकले. गावच्याच अर्सलानने जिंकवलं. त्याच्या बसेस होत्या. सोनापूर आणि जबल अलीच्या मजुरांच्या कॅम्पांतून त्याने गावची सगळी पोरं भरून आणली. "यल्ला, हात वर!" झालं, आमचे साहेब जज.

आणि पहिलीच केस आली ती अर्सलानच्या बायकोची. साजिदाला गावी धाडायचं आणि पाच वर्षांच्या लेकीला, कशफला, शेजारच्या उम्म अल कुवैनला आपल्या आईकडे ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. साजिदाचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर. तो कॅन्सल झाला की पोरीला सोडून विमानात बसायचं. खऱ्या कोर्टात जाणं म्हणजे गावाचं नाक कापणं, असं आमच्यात सगळेच मानत, बिचारी साजिदासुद्धा.

ती बायकांच्या पडद्याआडून म्हणाली, "वकीलभाई, पोरगी माझ्याबिगर झोपत नाय."

साहेब खाकरले. "दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील. पुढच्या शुक्रवारी."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. अर्सलान मिशीत हसत होता. "इन्शाल्ला, वकीलभाई. घाई काय?" घाई त्याला कशाला असेल? व्हिसा कॅन्सल करायला त्याने दिलाच होता.

घरी जेवताना मी विचारलं, "तुमच्या ऑफिसात अशा केसेस येतात ना? पोर कुणाला मिळतं?"

"लहान असेल तर बहुतेक आईला," साहेब माशाचे काटे काढत म्हणाले.

"मग तिला सांगत का नाही?"

"तुला पॉलिटिक्स कळत नाही, मरियम. पुढच्या इलेक्शनला बसेस कोण देणार?"

या माणसासाठी मी तीनदा कांदा तळला होता!

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा "तारीख" म्हणाले आणि मी पडदाच बाजूला सारला. पुरुष खाली बघू लागले.

"तारखा खलास! साजिदा, ऊठ. खरं कोर्ट सोमवारी उघडतंय. लहान पोर आईला मिळतं, हेच जज घरी मासा खाताना सांगतात!"

"मरियम! ऑर्डर!"

"ऑर्डर हॉटेलात द्या."

सोमवारी सकाळी मी साजिदाला घेऊन थेट त्यांच्या अरबी वकिलाच्या ऑफिसात गेले. त्याने केस घेतली, निकालापर्यंत साजिदाचं जाणं थांबवलं आणि फाइल उचलायला अर्थातच आमचेच साहेब.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या दाराशी त्यांनी फाइल अरबी वकिलाच्या हातात दिली. तो आणि साजिदा आत गेले, दार लागलं. बाकावर मी, कशफ आणि काळा कोट.

कशफ पाय हलवत बराच वेळ त्या कोटाकडे बघत होती. मग म्हणाली, "जज अंकल, व्हाय आर यू सिटिंग आउटसाइड?"

साहेबांनी घाम पुसला. मी मदतीला गेले नाही.

दार उघडलं. साजिदा जवळजवळ धावतच आली आणि तिने कशफला उचललं. "मिळाली, भाबी! माझीच हाय!" ती रडत होती, मीही रडले.

साहेब घाईघाईने उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं. साजिदा पोरीला छातीशी धरून त्यांच्या समोरून गेली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.