विसाचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. तापाचा नव्हे, खोलीचा. लाकडी पट्टी, काचेची नळी आणि नळीत लाल रेघ, एवढाच माझा देह. उभ्या आयुष्यात मी एकदाही खोटं बोललो नाही, आणि तरीही माझ्या डोळ्यांदेखत तीन जीव गेले. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला बर्फात बुडवून माझं शून्य आखलं. "बोलशील ते नेमकं बोल," एवढंच तो म्हणाला. पुढे बारा वर्षं मी अंडी उबवण्याच्या खोलीत नोकरी केली. पिल्लं बाहेर पडली की मुकादम माझ्याकडे बघून म्हणायचा, "शाब्बास पठ्ठ्या!" खरं सांगतो, तेव्हाच माझ्या डोक्यात हवा गेली. मग आकडे उजळणारी विजेची यंत्रं आली आणि मी गंजक्या कात्र्यांच्या खोक्यात पडून राहिलो. किती वर्षं, कोण जाणे.

तिथून मला चष्मे बनवणाऱ्या एका गृहस्थांनी उचललं. त्यांच्या मुलीने चार चिंचिला पाळले होते. चिंचिला म्हणजे खारीचा लांबचा भाऊच म्हणा ना. कान मोठे आणि अंगावर एवढी दाट लव, की बोट घातलं तर बुडून जाईल. त्याला उकाडा अजिबात सोसत नाही. म्हणून तिच्या बाबांनी खोलीत एसी बसवला. एसीखाली आयता खिळा होता. "चला, काम झालं," म्हणत त्यांनी मला तिथेच टांगलं. पिंजरा होता समोरच्या भिंतीला टेकून. मी वीस दाखवले आणि घरचे निर्धास्त झाले.

पहिला गेला तो एका बुधवारी, भर दुपारी. घरात कोणी नव्हतं. पिंजऱ्यामागच्या भिंतीतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. चौघेही भिंतीपासून सरकत सरकत पिंजऱ्याच्या पुढच्या गजांना येऊन चिकटले. त्यांचे कान लालबुंद झाले. मग एक जण आडवा झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. बघतच राहिला. मी स्वतःकडे पाहिलं. वीस. म्हणजे सगळं ठीक असणार, असं मी मनाला समजावलं.

पुढच्या बुधवारी दुसरा गेला, त्याच्या पुढच्या बुधवारी तिसरा. ना जखम, ना रक्त. मुलगी दारातच थबकायला लागली. "बाबा, या खोलीत काहीतरी आहे," ती म्हणायची. मलाही आता तसंच वाटू लागलं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी तिसऱ्याला उलटसुलट तपासलं, खाणं चाळलं, पाणी हुंगलं. मग म्हणाल्या, "मला हा उष्माघात वाटतोय. खोली तापते का हो?"

"छे! कधीही बघा, वीसच," बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरबाईंनी मला जवळून न्याहाळलं. "मग उष्माघात नाही," म्हणत त्यांनी वहीतला शब्द खोडला. मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने फुगली होती. आज आठवलं की लाज वाटते.

मग संशय माणसांवर गेला. बाबांची मोठी बहीण त्या घरातच राहायची. गोड त्यांना बाधतं, तरी ती चिंचिलांना गुपचूप मनुके चारायची. मुलीने रडत आकांत केला, "आत्या, तूच मारलंस त्यांना!" त्या दिवसापासून आत्या सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकटीच जेवायची.

बुधवार उजाडला. "एकच राहिलाय. आज मी त्याच्यापाशी बसते. जायचाच असेल तर माझ्यादेखत जाऊ दे," ती भावाला म्हणाली. बाबा दुकानात गेले, मुलगी शाळेत. आत्याने शाल गुंडाळली आणि पिंजऱ्याशेजारी भिंतीला पाठ टेकून बसली. कंबरदुखीने ती आधीच बेजार होती. दुपारी भिंत घुमायला लागली. थोड्या वेळाने आत्याचा चेहरा सैलावला. "अगं बाई, पाठ कशी छान शेकतेय..."

आणि ती ताडकन उठली. भिंतीवर तळहात ठेवला. मग तरातरा माझ्याकडे आली, मला खिळ्यावरून ओढलं आणि थेट पिंजऱ्यात ठेवलं.

माझी रेघ चढायला लागली. पंचवीस. तीस. चौतीस. माझ्या शेजारी तो शेवटचा जीव तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. आत्याने त्याला उचललं, बाथरूमच्या गार फरशीवर निजवलं आणि त्याच्या कानांना ओलं फडकं लावत बसली. "ऊठ रे राजा, ऊठ," एवढंच तिचं चाललं होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या मिशा हलल्या.

भिंतीपलीकडे लाँड्री होती. महिन्यापूर्वी तिथे कपडे वाळवायचं मोठं यंत्र आलं होतं आणि दर बुधवारी त्यात हॉटेलच्या चादरी वाळायच्या. संध्याकाळी मुलगी आत्याच्या कुशीत शिरली. "चुकलं गं माझं." आत्या डोळे पुसत म्हणाली, "मनुके मीही द्यायला नको होते, बाळा."

मला मात्र कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, मुका जीव कोपऱ्यात सरकून बसला, त्याचे कान तापले, तर भिंतीवरच्या आकड्याला विचारत बसू नका. आधी त्याच्याजवळ जा, त्याच्या अंगाला हात लावून बघा. कारण माझ्या खिळ्यापाशी तेव्हा खरोखरच वीस होते. तिन्ही बुधवारी मी अगदी बरोबर होतो.