टोकाची गोलाई

“गोलाई शून्य करा,” साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे.”

पडद्यावर बसच्या पायरीचा दिवा होता. दिवा म्हणजे पायरीच्या कडेने बसवायची पारदर्शक प्लास्टिकची काडी. एका टोकाला इवलासा एलईडी. त्याचा प्रकाश काडीतून धावत जातो आणि काडीच्या पाठीवरचे बारीक प्रिझम त्याला वळवून पायरीवर उतरवतात. या प्रिझमना आम्ही दात म्हणतो. एलईडीजवळचे दात उथळ ठेवायचे, लांबचे खोल, म्हणजे जवळचेच सगळं ओरपून बसत नाहीत. कोन, खोली, दोन दातांमधलं अंतर, सगळं मी पुन्हा पुन्हा बदलून पाहिलं होतं. अडलं होतं ते दातांच्या टोकाच्या गोलाईपाशी.

त्या रकान्यात सॉफ्टवेअर आपण होऊन शून्य भरतं. शून्य म्हणजे सुईसारखं टोक. तसं टोक कुठल्याच पोलादी साच्यातून निघत नाही. दात जरासा गोल होतोच, आणि त्या गोलाईवर आपटलेला प्रकाश भलतीकडे सांडतो. प्रत्येक दातापाशी थोडा थोडा सांडत गेला की शेवटच्यापर्यंत पोचायला उरतं काय? मी साचेवाल्यांनी दिलेला खरा आकडा भरला आणि काडीचं लांबचं टोक विझल्यासारखं झालं.

“दुपारी गिऱ्हाईक येतंय,” साहेब म्हणाले. “त्यांना अंधार दाखवायचा?”

“अंधार आहे, साहेब. त्या टोकाला दुसरा एलईडी लागेल.”

“एकातच करून देतो म्हणून शब्द दिलाय मी.”

“ते टोक नेमकं दरवाज्याकडचं आहे. लोक तिथूनच उतरणार.”

साहेबांनी माझ्या खांद्यावरून हात लांबवून शून्य दाबलं. काडी या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख उजळली.

“बघा.”

मी ते खोडून आकडा परत भरला. त्यांनी पुन्हा शून्य केलं. मी पुन्हा खोडलं. पलीकडच्या टेबलावर बसणारा माझा सहकारी, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तो मान खाली घालून ऐकत होता. त्याचा हात की-बोर्डवर नुसताच ठेवलेला होता.

“मॅडम, घरी टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावता तेवढं पुरे,” साहेब म्हणाले. “आईपण इथे आणू नका.”

रबराची गोष्ट मीच एकदा डबा खाताना हसत हसत सांगितली होती. लेक रांगायला लागल्यावर मी घरातल्या झाडून सगळ्या कोपऱ्यांना रबरी टोप्या चिकटवल्या. नवरा म्हणाला, आता माझ्या नाकालाही एक लाव. हे सांगितल्यापासून ऑफिसात माझं नाव गोलाईबाई.

बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा माझ्या खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाचं जॅकेट लटकत होतं. तेव्हापासून मी जपून बोलते. बोलण्याआधी साहेबांचा चेहरा वाचते. तो आत्ताही वाचला होता, आणि त्यात काय लिहिलंय ते मला नीट कळलं होतं.

“ही गोलाई माझी नाही, साहेब, साच्याची आहे,” मी म्हटलं. “शून्य भरायचंच असेल तर मीटिंगमध्ये माउस तुमच्या हातात ठेवा. माझ्या हातात असेल तर खरा आकडाच दिसेल.”

शून्य दाबण्यापलीकडे साहेबांना ते सॉफ्टवेअर येत नव्हतं. त्यांनी चष्म्याकडे पाहिलं. चष्म्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. साहेब निघून गेले.

मी सासूबाईंना फोन लावला. कणकण होती लेकीला सकाळी.

“ताप नाही गं,” त्या म्हणाल्या. “तुझाच जीव वरखाली होतोय.”

“आणि वरचा दात? दिसतोय का, आई?”

“कुठल्या टोकाचा?” चष्मा पलीकडून म्हणाला. मी हसले आणि मग डोळे पुसावे लागले.

दुपारी गिऱ्हाइकातर्फे एक बाई आल्या, सोबत एक तरुण. साहेबांनी प्रस्तावना केली, मी चित्र उघडलं. भिंतीवर काडी मोठी झाली. सुरुवातीला छान उजळ, मग फिकट, मग काहीच नाही.

“हा अंधार कशामुळे?” बाईंनी विचारलं.

“कच्चा नमुना आहे अजून,” साहेब म्हणाले.

“कच्चा नाही,” मी म्हटलं. “एका एलईडीत एवढंच होतं. दुसरा लावला तर पायरी पूर्ण दिसेल. याहून चांगलं चित्र मी दाखवू शकते, पण तशी काडी बनवता येणार नाही.”

तरुण खुर्चीत पुढे सरकला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. “आम्ही कळवतो,” म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

ते गेल्यावर साहेबांनी दार लोटलं. “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले. तुम्ही सगळ्यांच्या पायावर मारलात.”

“पायांचाच प्रश्न होता, साहेब.”

संध्याकाळी घरात पाऊल टाकते तोच साहेबांचा निरोप आला. उद्यापासून पायरीचा दिवा चष्म्याकडे. मी माहितीपत्रकं बघायची. दिव्यातलं काही नाही, कागदांची कामं. मी चप्पलसुद्धा न काढता उत्तर लिहिलं: फाइल पाठवते. गोलाई खरी भरलेली आहे. ती बदलली तर आराखड्यावरून माझं नाव काढा.

पाठवलं.

“अगं, हिच्याकडे बघ जरा,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मघापासून काहीतरी चघळतेय.”

लेकीने टेबलाच्या कोपऱ्याची रबरी टोपी उपटून काढली होती आणि नव्या दाताने तिचा फडशा पाडत होती. मी टोपी तिच्या तोंडातून काढली. ती रडली नाही. टेबलाला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे रोखून बघत राहिली.

उघड्या कोपऱ्यावरून मी अंगठा फिरवला. टोचेल असं वाटलं होतं, पण कोपरा गोलच होता. सुताराच्या हातून कधीकाळी तो थोडा घासला गेला होता. मी पुन्हा एकदा अंगठा फिरवला, आणि टोपी परत न लावता पर्समध्ये टाकली.