ओरिनचा डावा हात

"तो पोरगा टीममध्ये टिकला ना, तर लेबर डेच्या मिरवणुकीत मी स्वतः डुक्कर होऊन चालेन! आणि नाही टिकला, तर तू!"

ऑगी पाल्मिएरीने चिमटा हवेत नाचवत जाहीर केलं. त्याच्या अंगणातल्या शेगडीवर सॉसेज तडतडत होती आणि कुंपणाच्या पलीकडे त्याचा शेजारी कॅझ डोब्रोस्की बिअरची बाटली धरून उभा होता. उजव्या हातात. कॅझ सगळं उजव्या हातातच धरायचा.

ऑगीचं कोपऱ्यावर खाटकाचं दुकान. जाहिरातीसाठी त्याने कधीतरी एक गुलाबी डुकराचा पोशाख शिवून घेतला होता. दुकानात कामाला लागलेल्या प्रत्येकाने तो एकदा घातला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. आता तो तळघरात पडून होता आणि त्याचा एक कान उंदरांनी खाल्ला होता.

"अग्निशमन केंद्रापासून चर्चपर्यंत," कॅझ म्हणाला. "चालत. आणि मुंडकं मध्येच काढायचं नाही."

"शेपटी हलवायची!"

"हलवू की. तुझीच हलणार आहे."

"साक्षीला कोण?"

"मी आहे," पलीकडच्या गॅलरीतून म्हाताऱ्या मिसेस कोस्टेलनिक ओरडल्या. त्यांना टीव्हीवरचं ऐकू यायचं नाही, पण कुंपणावरचं सगळं ऐकू यायचं. "दोघंही घाला. गल्लीला कळेल तरी कोण शोभतं ते."

कॅझने कुंपणावरून हात पुढे केला आणि पैज पक्की झाली. क्लबच्या माणसांना खेळावर पैशाची पैज लावायला बंदी होती. डुकराबद्दल नियमात कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

क्लब म्हणजे हॅमर्स, अमेरिकन फुटबॉलची टीम. ओहायोतल्या त्या शहरात पोलादाच्या भट्ट्या विझल्या, सिनेमागृहं बंद पडली, पण हॅमर्स राहिले. रविवारी सामना हरले की सोमवारी ऑगीच्या दुकानात कुणी तोंड उघडत नसे. कॅझ एके काळी हॅमर्सकडून खेळला होता, लाइनमध्ये. चेंडू फेकणाऱ्याच्या समोर जे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात, त्यांतला सगळ्यात डावीकडचा. या पाचांना चेंडू कधी मिळत नाही, आणि त्यांचं नाव लाउडस्पीकरवर फक्त चूक झाली की घेतात. कॅझचं नाव फारसं घेतलं गेलं नाही. याचाच त्याला अभिमान होता.

आता तो त्याच क्लबात एका काळोख्या खोलीत बसून नव्या लाइनमनांचे सामने पडद्यावर बघायचा. प्रत्येक डावाला प्लस किंवा मायनस, आणि शेवटी दोन ओळींचा अभिप्राय. आज कसा खेळला, पुढे काय होईल. एवढंच त्याचं काम. बघायला सोपं वाटतं. पण लोकांची नजर चेंडूच्या मागे धावते आणि कॅझची कायम पायांवर.

ओरिन व्होंड्राला त्यानेच शोधलं होतं. नेब्रास्कातलं कुठलंसं चिमुकलं कॉलेज. भरतीच्या दिवशी एकाही क्लबने त्याचं नाव पुकारलं नव्हतं. कॅझ त्याला बघायला गेला तेव्हा हा पोरगा बापाच्या गोठ्याच्या फाटकात उभा होता आणि एक वासरू बाहेर सटकायला बघत होतं. वासरू डावीकडे, हा डावीकडे. वासरू उजवीकडे, हा उजवीकडे. गुडघे वाकलेले, कंबर खाली, हात छातीशी. घाई नाही, झेप नाही. शेवटी वासरूच कंटाळून आत गेलं. कॅझने गाडीतून उतरायच्या आधीच मनातल्या मनात प्लस देऊन टाकला.

"खेळताना बघायचं नाही का, सर?" ओरिनने विचारलं होतं.

"बघितलं की," कॅझ म्हणाला.

ऑगस्टमधल्या पहिल्या सराव सामन्यात पोरगा छान खेळला. दुसऱ्यात त्याहून छान. सकाळी क्लबात शिरताच मॅनेजर ग्रँट लिंडक्विस्टने कॅझच्या पाठीवर थाप मारली. ग्रँट वयाने कॅझच्या मुलाएवढा, कायम फोनवर, कायम चालत. "कॅझ, तुमचं वासरू बसतंय बरं का टीममध्ये! कोचही खूश आहेत."

"फाटकातला मी निवडलाय, साहेब. वासरू गोठ्यातच आहे अजून," कॅझ म्हणाला आणि शीळ घालत खोलीत गेला. ऑगीला कुठल्या बाजूने फोटो काढायचा, याचाच विचार त्याच्या डोक्यात चालला होता.

शीळ दुसऱ्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात थांबली.

पडद्यावर ओरिन समोरच्या गड्याला भिडला. खांदा खांद्यावर, मान जराशी कलली. चेंडू गेला, शिट्टी वाजली, सगळे मागे वळले. ओरिनही वळला. पण त्याचा डावा हात वळला नाही. ओल्या टॉवेलसारखा तो नुसता लोंबत होता. कॅझने चित्र मागे घेतलं. परत बघितलं. पोराने हनुवटीचा पट्टा एकट्या उजव्या हाताने लावला. पुढच्या डावाला खाली वाकताना उजवा हात जमिनीला टेकवला. सगळ्यात डावीकडच्या जागेवरचा गडी डावा टेकवतो. या पोराने तोवर कायम डावाच टेकवला होता.

आणि तरी तो हरला नाही! समोरच्याला ढकलायला हात उशिरा आला, पण पायांनी सांभाळून घेतलं. फाटकातलेच पाय. प्लस. पुढचा डाव, प्लस. कागदावर बघाल तर सगळं गुलाबी, ऑगीच्या डुकरासारखं.

कॅझने पडदा बंद केला. मग आपला डावा हात दिव्यासमोर धरून बघत बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मेलेली दोन बोटं. त्यांच्यावर सिगरेट विझवली असती तरी वासानेच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको लोरेन त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. लग्नानंतर काही वर्षांनी सुरू झालेला हा रिवाज. बाहेर कुणाला माहीत नव्हता. त्याने तिला सगळं सांगितलं.

"डॉक्टरला दाखवलं त्याने?"

"वेडी आहेस का. नवा पोरगा डॉक्टरच्या दारात दिसला की त्याची जागा दुसऱ्याला देतात. मी कधी दाखवलं होतं?"

लोरेनने कॉलरचं बटण लावलं. मग लावलेलं परत काढलं, आणि पुन्हा लावलं.

"त्याचं लग्न झालंय?" तिने विचारलं.

"नाही."

"मग त्याची बटणं कोण लावणार?" ती म्हणाली आणि कॉफी ओतायला गेली.

दुपारी क्लबच्या जेवणघरात ओरिन एकटाच मोठ्या ताटासमोर बसला होता. कॅझला ऑगीच्या संगतीत एक विद्या चांगली जमली होती, माणसाला बेसावध पकडायची. तो समोरून आला, म्हणाला, "ओरिन, धर!" आणि एक संत्रं पोराच्या डाव्या बाजूला फेकलं.

हात उठला खरा. पण बोटं मिटलीच नाहीत. संत्रं तळव्याला लागून टेबलाखाली घरंगळलं.

ओरिनने ते उचललं नाही. कॅझ समोर बसला.

"कधीपासून?"

"काही नाही, सर. मुंग्या येतात फक्त. जातात परत."

"कधीपासून, पोरा?"

"पहिल्या सामन्यापासून." त्याचा आवाज त्याच्या देहाला शोभत नव्हता. "सर, टीमची यादी लागायला आता थोडेच दिवस राहिलेत. एकदा नाव लागू दे. मग मी स्वतः जाऊन सांगतो डॉक्टरांना. आईशप्पथ."

"आणि तोवर अजून एक सामना आहे. मानेवर एक बसला ना बरोबर, तर हातच काय, उरलेलंही जाईल."

"तुमचं गेलं का?"

कॅझने बाही वर केली. डावा हात टेबलावर ठेवला, ताटाशेजारी. अंगठ्याखालचं मांस आटलं होतं, ती दोन बोटं आत वळलेली. "काट्याने टोच."

"सर..."

"टोच म्हणतो ना."

ओरिनने काटा हळूच टेकवला. कॅझ हलला नाही. त्याने अजून दाबला. शेजारच्या टेबलावरचे दोघं बघायला लागले.

"बघितलंस? शर्टाची बटणं बायको लावते माझ्या. नात झाली तेव्हा हातात घ्यायला घाबरलो मी. सुटली तर?"

पोराने काटा ताटात ठेवला. मग म्हणाला, "पण तुम्ही खेळलात ना, सर."

कॅझने बाही खाली ओढली. तो खरंच खेळला होता. त्या मैदानावर, त्या जर्सीत. आणि कुणी रात्री झोपेतून उठवून विचारलं असतं की बोटं परत हवीत का ते रविवार, तर त्याने काय म्हटलं असतं, हे लोरेनलासुद्धा माहीत होतं.

"खेळलो," तो म्हणाला. "मला थांबवणारं कुणी नव्हतं."

"मग मलाही थांबवू नका ना."

ओरिन उठला. जाताना त्याने खुर्ची नीट आत सरकवली. उजव्या हाताने.

संध्याकाळी कॅझ खोलीत कागद पुढ्यात घेऊन बसला. हाताचं न लिहिताही चाललं असतं. गडी सगळीकडे प्लस होता. मॅनेजर खूश, कोच खूश, ऑगी डुक्कर. आणि पोरगा खूश, मान टिकली तोवर. कॅझने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पायांना तोड नाही. मुलगा पुढे फार मोठा होईल. डावा हात चालत नाही. मान तपासा, तोवर मैदानावर उतरवू नका.

ग्रँटने कागद वाचला आणि पहिल्यांदाच चालायचा थांबला. "कॅझ, हे आत्ता? डॉक्टरांकडे त्याची काही तक्रार नाही. मी म्हणतो, पुढचा सामना होऊ दे, मग बघू."

"बघा ना. फक्त एक आहे, साहेब," कॅझ गोड आवाजात म्हणाला. "याची एक प्रत मी येता येता डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलीय. चुकून."

"चुकून?"

"वय झालं माझं."

ग्रँटने फोन काढला.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. मानेतली चकती सरकून नसेवर बसली होती. ऑपरेशन लागणार. या वर्षी खेळ नाही. पुढच्या वर्षीचं डॉक्टर बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. अंतिम यादी लागली तेव्हा त्या जागेवर दुसऱ्याच पोराचं नाव होतं, बऱ्या पायांच्या. ओरिन बॅग घेऊन बोळातून गेला. मानेला पांढरा पट्टा. कॅझ दारात उभा होता. पट्ट्यामुळे पोराला मान वळवता येत नव्हती, म्हणून त्याने बघितलं नाही, असं कॅझने स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, सकाळी ऑगी पोशाख खांद्यावर टाकून दारात आला. नाचत येणार, बोंबलत येणार, अशी सगळ्या गल्लीची खात्री होती. पण तो पायपुसण्यावर पाय पुसत उभा राहिला.

"कॅझ, दुकानात लोक बोलत होते... तूच लिहिलंस म्हणे."

"लोकांना काय, पाव किलो घ्यायला येतात आणि तासभर बोलतात."

"अरे मला काय माहीत असं काही आहे ते. सोड ना ही पैज. मी सांगतो सगळ्यांना, उंदरांनी पोशाख खाल्ला."

"ऑगी, हरलो ना मी?"

"हरलास, पण..."

"मग घाल ते मुंडकं माझ्या डोक्यात."

पोशाखाला मागून चेन होती. लोरेनने ती ओढली आणि त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. गॅलरीतून मिसेस कोस्टेलनिक ओरडल्या, "शोभतंय हो! कानाचं काय झालं पण?"

मुख्य रस्ता माणसांनी भरला होता. पुढे शाळेचा बँड, मग अग्निशमनची गाडी, मग जुन्या भट्टी कामगारांची संघटना, त्यांच्या मागे एकटं गुलाबी डुक्कर, आणि शेवटी ढोलवाल्यांचा ताफा. मुंडक्यात तळघराचा वास. डोळ्यांच्या भोकांतून तळहाताएवढा रस्ता दिसायचा. मुलं खाऊच्या गोळ्या फेकत होती. कुणीतरी ओरडलं, "शेपटी, कॅझ!" आणि कॅझने शेपटी हलवली. हशा पिकला. त्याने आणखी हलवली. पैज म्हणजे पैज.

चर्चच्या अलीकडे, आडव्या रस्त्याच्या तोंडाशी एक चिखलाने माखलेला ट्रक अडकून उभा होता. नेब्रास्काची पाटी. आत टोपीवाला म्हातारा, स्टिअरिंगवर हात ठेवून मिरवणूक संपायची वाट बघत. ट्रकला टेकून पांढऱ्या पट्ट्यातला ओरिन उभा होता; बाप त्याला घरी न्यायला आला होता.

डुक्कर थांबलं. मागची मंडळीही थांबली.

"मिस्टर डोब्रोस्की?" पोराने विचारलं.

मुंडकं काढायचं नव्हतं. डुकराने मान डोलावली.

ओरिन हसला नाही. फुटपाथवरून खाली उतरून दोन पावलं पुढे आला आणि हात पुढे केला. डावा. कॅझनेही आपला डावा पुढे केला, जाड गुलाबी हातमोज्यातला.

"दाब," तो मुंडक्यातून म्हणाला.

"दाबतोय, सर."

मोज्याच्या आत काहीतरी होतं, अगदी हलकं. ते पोराच्या हातामुळे हलकं होतं, कापडामुळे, की आपल्याच बोटांमुळे, त्याला कळेना.

"अजून दाब."

"दाबतोय ना."

मागून ढोल वाजायला लागला. कुणीतरी ओरडलं, "चल रे डुकरा, चर्च आलं!" ओरिनने हात सोडला होता, हेही कॅझला खाली बघितल्यावरच कळलं. मग कॅझ वळला, आणि एक कान नसलेलं ते मुंडकं सांभाळत, शेपटी हलवत, चर्चपर्यंत चालत गेला.