मडमच्या गाडीतली जागा

"पावण्यांची तुमी काय बी काळजी करू नका. आमच्या गावात पावणं आलं आन त्यांची आबाळ झाली, असं आजवर घडलं न्हाय. घडायचं बी न्हाय," आण्णा पाटलांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

सांगितलं ते यज्ञेश्वर मास्तरांना. मास्तर कोल्हापूरच्या चर्चमधले. अमेरिकेतनं चर्चची मंडळी आली होती. दोन साहेब आणि एक डोळ्यांची डॉक्टर मडम. खेड्यात जायचं, गाणी म्हणायची, येशूचं सांगायचं, औषधं वाटायची, असा त्यांचा बेत होता. गडमुडशिंगीच्या पार पल्याड आमचं गाव, तिथं जीप जाती म्हणून आमचा नंबर लागला.

गावातल्या बाळासोला गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या आईचे, चिमणाबाईचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. म्हातारी चाचपत चूल पेटवायची. मागच्या महिन्यात चुलीबरोबर पदरही पेटला. शेजारीण धावली म्हणून वाचली.

मास्तरांनी बाळासोला सांगून ठेवलं होतं, "मडम बघतील. जीपमध्ये एक जागा रिकामी आहे. त्याच दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात नेतील, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्यानंतर मात्र नाही हं. शनिवारी मडमची बोट आहे, त्या चालल्या मायदेशी."

म्हणून चिमणाबाई एक धुतलेलं लुगडं गाठोड्यात बांधून सकाळपासनं उंबऱ्यावर बसली.

जीप आली तशी हलगी सुरू झाली. आण्णांनी साहेबांना फेटे बांधले. मडमच्या डोक्यावर उन्हाची टोपी होती, तिच्यावरनंच बांधला. मग च्या. बाळासो मास्तरांच्या कानाशी गेला.

"मास्तर, आय वाट बघतीया."

"आलोच की. एवढा चहा होऊ दे."

चहा झाला. पावणं उठलं, तर दारात अप्पा. अप्पा म्हणजे आण्णांचा चुलतभाऊ. दोघांच्या घरात एकच भिंत, पण बोलणं सणासुदीला.

"आण्णाकडं च्या पिला, आन आमच्या दारावरनं तसंच जाणार? आमी काय मेलोय?"

अप्पाकडं च्या झाला, त्यावर शिरा झाला. शिरा झाल्याचं कळलं तशी आण्णांनी दुपारच्या मटणात आणखी मटण घातलं. मग उरलेल्या भावकीनं रस्ता अडवला. एका घरी गेलं आणि दुसरं टाकलं तर ते दुसरं घर नातवाच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतंय. पावण्यांना हे कुणी सांगितलं नाही. ते फक्त हसून वाटी पुढं करायचे, आणि आमच्यात पुढं केलेली वाटी म्हणजे अजून वाढा.

"मास्तर, दिस कलला की."

"पावणं खात्यात बाळासो. खाणाऱ्याला उठवतोस व्हय?" हे आण्णा बोलले.

तांबड्या रश्श्यानं मोठे साहेब चिंचेखाली आडवे झाले. धाकटे साहेब येशूचं सांगायला उभे राहिले, तर त्यांना उचकी लागली. मास्तरांनी उचक्या गाळून भाषांतर केलं. बायका म्हणाल्या, त्याची कुणीतरी आठवण काढतंय, घरी पाठवा बिचाऱ्याला.

शेवटी बाळासोनं आईला पाठुंगळी घेतलं आणि आणून मडमच्या पुढ्यात ठेवलं. मडमनं बॅटरी मारून बघितलं, मास्तरांना काहीतरी सांगितलं.

"पिकलाय म्हणतात. उद्या काढू. बसवा गाडीत."

चिमणाबाई जीपच्या मागच्या जागेवर बसली. गाठोडं मांडीवर. बाळासोला दिवसभरात पहिल्यांदा तहान लागल्याचं कळलं.

तेवढ्यात आण्णांनी गुळाची ढेप आणली. पावण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? ढेप म्हातारीच्या पायाशी गेली. अप्पानं ढेप बघितली, घरात गेला आणि बोकड घेऊन आला.

"ह्यो आमचा आहेर."

मास्तर म्हणाले, "अहो, जागा कुठाय?"

"ढेपंला जागा हाय. मग सरळ म्हणा की, अप्पाचा आहेर नगं."

हलगी थांबली. आण्णा मास्तरांना बाजूला घेऊन कुजबुजले, "घ्या मास्तर. न्हायतर ह्यो गडी माझ्या पोरीच्या मांडवात जेवायचा न्हाय. भावकी जेवली न्हाय तर सोयरं काय म्हणतील?"

म्हातारीचे डोळे गेले होते, कान शाबूत होते.

"बाळासो, मला उतरीव."

"आय, गप बस. जागची हलू नगंस."

"गावाचं नाक जातंय बाबा. उद्या गाडी जुपून ने मला. मडम काय उद्याच्या उद्या पळती व्हय?"

"मी बोकडाला चालवत नेतो की दवाखान्यापातूर," बाळासो म्हणाला.

अप्पा म्हणाला, "आहेर चालत जात न्हाय."

म्हातारी आपली आपणच उतरली. बोकड चढला. जीप निघाली, आणि बाळासोला राहवलं नाही. तो हात हलवत, "थांबा, थांबा" करत ओढ्यापर्यंत पळाला. जीपमधनं मडमनं आणि दोन्ही साहेबांनी हात हलवले. पळत निरोप द्यायला आलेला माणूस बघून मडमनं डोळे पुसले.

बाळासोनं रात्रीच बैल जुपले. दवाखान्यात पोचेस्तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. पायरीवर मडम बसली होती. उजवा हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. शेजारी मास्तर खाली मान घालून उभे.

"काय झालं?" बाळासोनं विचारलं.

"ओढ्याच्या उतारावर जीप आदळली. बोकड बुजला. मडमना ढुशी दिली."

"मग दुसरं कोण डॉक्टर?"

"डोळ्यांचं नाही कोणी. पावसाळ्यानंतर येईल म्हणतात."

"आली का रं मडम?" चिमणाबाईनं गाडीतनं विचारलं.

बाळासोनं आईला उतरवून खांबाला टेकवून बसवलं आणि पाणी आणायला गेला. त्याच खांबाला बोकड बांधला होता. बोकडानं म्हातारीच्या मांडीवरचं गाठोडं सोडवलं आणि धुतलेलं लुगडं खाल्लं.