प्रतिभा बसू देत नाही

मंजूषाला बसता येत नव्हतं. आता बसता येत नाही म्हणजे काय, असं कोणीही विचारील, आणि विचारायचेच. पाय धड, कंबर धड, चालायला खडखडीत, घरातलं सगळं करते, आणि बसता येत नाही? पण खरंच येत नव्हतं. खुर्चीला टेकली रे टेकली की खाली, चारचौघांत नाव घेता येत नाही अशा जागी, आग उठायची आणि माकडहाडापर्यंत करंट जायचा. उभं राहिलं की कमी, कुशीवर पडलं की आणखी कमी. दोन वर्षं हेच चाललं होतं. घरात एकच जागा अशी होती जिथे ती थोडा वेळ सुखाने बसू शकायची, आणि ती म्हणजे संडासातला कमोड. हे तिने जगात कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, कप्पाळ!

भोपाळात बाग सेवनियाहून जवाहर चौकात जायचं तर ती बसने उभ्यानेच जायची. बस निम्मी रिकामी असली तरी दांडा धरून उभी. कॉलेजची पोरं उठून म्हणायची, "आंटी, बैठिए ना." ही म्हणायची, "नहीं बेटा, ठीक हूँ." मग पोरं एकमेकांकडे बघायची, आणि ही खिडकीबाहेर बघायची.

डॉक्टर तर किती झाले! बायकांच्या डॉक्टरणीने सोनोग्राफी केली, नॉर्मल. हाडांच्या डॉक्टरने एमआरआय काढला, नॉर्मल. लघवी तपासली, तीही नॉर्मल. प्रत्येकजण हे असं हसून सांगायचा, जणू पेढेच वाटतोय. एकाने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर सल्ला दिला, मन रमवा. मन रमवायला तिने भरतकाम काढलं असतं हो, पण तेही बसूनच करायचं ना!

शेवटी निदान केलं ते सासूबाईंनी. मनोरमाबाई लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आल्या त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली, पण बोलणं अजून नागपूरचंच. एका दुपारी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मी सांगू का? प्रतिभा बसू देत नाही तुला."

प्रतिभा म्हणजे अनंतची पहिली बायको. तेव्हा हे लोक अशोका गार्डनला भाड्याने राहायचे, रेल्वे लाइनच्या अगदी जवळ. लाइन ओलांडताना गाडीखाली आली, एवढंच मंजूषाला लग्नाआधी सांगितलं होतं. आणि डोक्याने जरा हलकी होती, असंही. वर्षाच्या आत अनंतचं दुसरं लग्न झालं. दुसरेपणावर आलेल्या सुनेच्या गळ्यात त्यांच्यात सवतीचा टाक घालतात, पहिलीच्या नावाचा चांदीचा इवलासा पत्रा. तो मंजूषाच्या मंगळसूत्राशेजारी वीस वर्षं होता. नवी साडी आधी त्या टाकाला दाखवायची, सणाचं हळदकुंकू आधी तिला, मग हिला. मंजूषाने सगळं निमूट केलं. मेलेल्या बाईशी कसलं भांडायचं, म्हणायची.

"ती जागा तिची नं," सासूबाई मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या. "तू तिच्या जागेवर बसली. मग ती कशी बसू देईल?"

हसू नका. ज्या दुखण्याला दोन वर्षांत कोणी नाव देऊ शकलं नाही, त्याला सासूबाईंनी एका दमात नाव, गाव आणि कारणही दिलं होतं. मंजूषा केमिस्ट्रीची एम.एस्सी. श्रुती, तिची मुलगी, नागपूरला शिकायला जाईपर्यंत तिचा सगळा अभ्यास हिनेच घेतलेला. भुताखेतांना नाक मुरडणारी बाई. पण माणूस दुखण्याने कावला की काय वाट्टेल ते पटतं. तिला ते पटलं.

आणि मग ती जाणवायलाच लागली. ह्या घरात प्रतिभा कधी राहिली नव्हती, हे घर तिच्यानंतर बांधलेलं. तरीही मंजूषा ओट्याशी उभी राहून जेवत असली की पाठीमागे, फ्रिजजवळ, कोणीतरी उभं असायचं. दिसायचं काही नाही. नुसती चाहूल, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्याची. भर दुपारी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. मंजूषा आधी घाबरली, मग चिडली, मग सरळ बोलायला लागली. "काय हवंय गं तुला? साडी? घे. नवरा? तोही घे, मला मेलीला नुसतं बसू दे." उत्तर यायचं नाही. ती जायचीही नाही.

अनंतशी बोलून उपयोग नव्हता. माणूस तसा भला, कारखान्यात इंजिनिअर, घरात आवाज चढवणार नाही. पण हिने दुखण्याचा विषय काढला की उठून दुसऱ्या खोलीत जायचा. आणि एक विचित्र खोड. चाललं की मंजूषाला बरं वाटायचं, म्हणून ती संध्याकाळी कॉलनीत फेऱ्या मारायला निघायची, तर हा चपला घालून धावत मागे. "गच्चीवर चाल ना. बाहेर नको." संशयी मेला, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

अशात जवाहर चौकातल्या एका पेन क्लिनिकचा पत्ता कोणीतरी दिला. तिथे महिन्यातून एक दिवस इंदूरहून एक मराठी डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग हातमोजा चढवून तपासलं, आत एका ठिकाणी बोट टेकवलं आणि विचारलं, "इथे?"

मंजूषाला रडूच फुटलं. दुखलं म्हणून नव्हे, दुखलं तर होतंच. पण ती जागा खरोखर आहे, दुसऱ्या माणसाच्या बोटाला सापडते, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"प्युडेंडल नावाची नस असते," बाई म्हणाल्या. "ती चिडलीय. पुष्कळ बायकांना होतं हे. बायका सांगत नाहीत, आणि सांगितलं तर घरचे ऐकत नाहीत. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा नसेजवळ इंजेक्शन देऊ. गॅरंटी नाही देत, पण बऱ्याचजणींना आराम पडतो. सोबत कोणाला तरी आणा."

घरी येईपर्यंत मंजूषा हवेत होती. कॅलेंडर बघितलं आणि जमिनीवर आली. तो दिवस पितृपक्षातला, आणि त्यातही अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. तिच्या नावाने एका सवाष्णीला बोलवायचं, ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं. म्हणजे प्रतिभाचाच दिवस.

"पितरांच्या दिवसांत सुया टोचून घेते? आणि तिच्याच तिथीला?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्या वर्षी तिला नीट जेवू घाल बाप्पा. सवाष्णीच्या शेजारी पाटावर बस, तिच्यासोबत जेव. एवढं करून नाही थांबलं तर जा मग कुठे जायचं तिथे."

आणि मंजूषाने स्वतःच्या हाताने फोन लावून इंजेक्शनची वेळ रद्द केली. कोणी तिचा हात धरला नव्हता. पण डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात 'गॅरंटी नाही' होतं, आणि सासूबाईंना पक्की खात्री होती. शिवाय भीती. बसू देत नाही तेवढ्यावर थांबलीय, उद्या उभंही राहू दिलं नाही तर?

दरवर्षी जेवायला यायच्या त्या मंगलाताईंचे यजमान ह्या वर्षी वारले. म्हणजे त्या आता सवाष्ण म्हणून चालेनात. वा रे नियम! सासूबाईंनी डोकं खाजवून अशोका गार्डनच्या जुन्या शेजारीण शकुंतलाबाईंचं नाव काढलं. ते ऐकून अनंतने पेपर खाली ठेवला.

"दुसरं कोणी बघ ना, आई."

"भोपाळात श्राद्धाचं जेवणारी मराठी सवाष्ण काय चौकात मिळते? येऊ दे तिलाच."

अनंतने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

नवमीला शकुंतलाबाई आल्या. सत्तरी उलटलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. पाट मांडले, रांगोळी काढली. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. मंजूषाने ओटी भरली आणि शेजारच्या पाटावर बसली.

बसली कसली, दात-ओठ खाऊन टेकली. पहिला घास घेईपर्यंत ब्लाउज घामाने भिजला. मनात एकच चाललं होतं. बघ, बसलेय मी. तुझ्यासाठी बसलेय. आता तरी सोड बाई. आग काही कमी होईना. तिने हळूच भार डाव्या अंगावर घेतला आणि डावा तळहात जमिनीला टेकवला.

शकुंतलाबाईंचा घास हातातच राहिला. "अगं बाई! तू पण?"

"मी पण काय?"

"प्रतिभा अश्शीच बसायची. एका अंगावर, हात टेकून."

सासूबाई खिरीची पळी घेऊन उभ्या होत्या. "शकुंतलाबाई, श्राद्धाच्या पानावर बोलू नये."

"तिच्याच नावाने जेवून राहिली नं मी? मग तिचं नाव नको घेऊ?" शकुंतलाबाई मंजूषाकडे वळल्या. "दुपारी यायची माझ्याकडे. चहा उभ्याउभ्या प्यायची. मी म्हणायची, बस गं. म्हणायची, काकू, खाली आग होते, बसवत नाही. घरी सांगितलं तर नाटकं म्हणतात. बिचारी संडासात जाऊन बसायची, तेवढाच काय तो आराम. तर इकडे बोंब, की सून तास तास आत काय करते! मग चालायला लागली. लाइनीच्या कडेकडेने, उन्हातान्हात. चाललं की बरं वाटतं म्हणे. लोकांनी वेडी ठरवली तिला."

संडासातली ती गोष्ट. तिने कोणाला सांगितलेली नव्हती, आणि ही बाई ती दुसरीच्या नावाने सांगत होती.

सवाष्ण पानावर असताना घरच्या सुनेने उठायचं नसतं. मंजूषा उठली. अनंत दारात उभा होता, चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू पहिल्यांदा सांगितलंस त्याच दिवसापासून," तो म्हणाला. "तेच शब्द, मंजू. आग होते, बसवत नाही. मला वाटलं, माझ्यामुळेच होतंय की काय. माझ्याशी लग्न केलेल्या बाईला हे होतंच की काय. मला ऐकवेना."

"आणि तिचं? तिचं ऐकवलं होतं?"

अनंतने दाराची चौकट धरली. मग सांगितलं. "त्या दिवशी ती सारखी मागे लागली होती, की कुठेतरी दाखवू या. मी दमून आलो होतो. म्हटलं, जा बाई, जरा चालून ये. बरं वाटेल तुला."

सासूबाईंच्या हातातली पळी कलली आणि खीर रांगोळीवर सांडली. "मला काय माहीत," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "बायांचं खाली दुखतंच नं. आमचं नाही दुखलं?"

मंजूषाला राग आला. आणि रागाच्या तळाशी भीती होती. आपणही ह्याच वाटेने निघालो होतो, ही भीती. वीस वर्षं एका बाईला गळ्यात घालून वागवली, तिच्यापुढे नाक घासलं, मला बसू दे म्हणून. आणि ती बाई फ्रिजजवळ उभी होती कारण तिलाही बसता येत नव्हतं. "जिवंतपणी एक डॉक्टर नाही दाखवला तिला," ती मोठ्याने म्हणाली, "आणि मेल्यावर दरवर्षी साडी! माझंही तेच करणार होतात ना?"

तिने क्लिनिकला फोन लावला. डॉक्टरीणबाई पाचपर्यंत होत्या.

"गाडी काढा," ती अनंतला म्हणाली.

"आज?"

"आजच. तिच्याच दिवशी."

"जा गं तू," शकुंतलाबाई पानावरून म्हणाल्या. डोळे पुसत होत्या, पण पान सोडलं नव्हतं. "मी जेवते पोटभर. तिला उपाशी नाही ठेवत."

मागच्या सीटवर मंजूषा कुशीवर पडून होती. गाडी होशंगाबाद रोडला लागली तशी पायाशी तीच चाहूल आली, भार इकडून तिकडे घेतल्याची. तिने गुडघे आणखी पोटाशी ओढले आणि सीटवर जागा करून दिली. पुढे अनंत रस्त्यावरची नजर न काढता गाडी चालवत होता.

क्लिनिकमध्ये सिस्टरने केसपेपर पुढे ओढला. मंजूषा उभी होती, शेजारी अनंत तिची पर्स धरून.

"तकलीफ़ कब से है?"

मंजूषाने तोंड उघडलं, पण अनंत आधी बोलला. "बाईस साल से."

सिस्टरने जुना कागद उलटून पाहिला. "इसमें तो दो साल लिखा है, सर."

"नहीं," अनंत म्हणाला. "बाईस. मैंने सुना नहीं था."

सिस्टरने पेन थांबवून मंजूषाकडे पाहिलं.

"लिख लीजिए," मंजूषा म्हणाली.